वाचून पाहिले, बरोबर आहे

माझी धाकटी बहीण नंदा हिच्या निधनाची वार्ता आली तेव्हा मी एका वारसनोंदीच्या अर्जाच्या मध्यावर होतो. राहुरीच्या तहसील कचेरीबाहेर, भिंतीला लागून माझे टेबल आहे. तेथे गेली बावीस वर्षे मी परवानाधारक अर्जलेखक म्हणून बसतो. समोर शिंगणापूरच्या रस्त्यावरील एका वस्तीवरून आलेले वृद्ध गृहस्थ बसले होते. फोन तिला नर्सिंग शिकवणाऱ्या निकम सिस्टरांचा होता. त्या एवढेच म्हणाल्या, "अण्णासाहेब, नंदा गेली. नगरलाच... मघाशी." मी बरे म्हणालो, फोन खाली ठेवला आणि, हे लिहिताना मला संकोच होतो, हाती घेतलेले वाक्य पूर्ण केले. 'तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदारास न्याय द्यावा, ही नम्र विनंती.' त्याखाली नेहमीची शेवटची ओळही लिहिली: 'वरील मजकूर मला वाचून दाखवला असून तो बरोबर आहे.' कागद सहीसाठी पुढे सरकवला. गृहस्थांनी अंगठा उचललाच नाही. ते पूर्वी दोनदा माझ्याकडे आलेले होते, त्यांना माझी पद्धत ठाऊक होती. ते म्हणाले, "आज वाचून न्हाई दावनार व्हय?"

मी वाचू लागलो. दुसऱ्या ओळीवर मी कागद खाली ठेवला.

अर्जाखाली ही ओळ सगळेच अर्जलेखक लिहितात. ती लिहिण्याची रीत आहे, पाळण्याची नाही. समोर दहा माणसे खोळंबलेली असताना प्रत्येकाला तीन पाने वाचून दाखवणे कोणालाच परवडत नाही, आणि मीही पुष्कळ वर्षे ती तशीच लिहीत आलो. आता राहुरीत मी एकटाच असा आहे की जो अर्ज मोठ्याने वाचून दाखवल्याखेरीज सही घेत नाही. लोक याचे श्रेय मला देतात. ते श्रेय माझे नाही. ते ज्या प्रकरणामुळे मला मिळाले, ते प्रकरण आज महिना उलटल्यावर लिहून काढणे मला अगत्याचे वाटते.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, परंतु माझ्या हातचे अर्ज मंत्रालयापर्यंत गेलेले आहेत आणि भाषेच्या बाबतीत मला आजवर कोणी नाव ठेवलेले नाही. नंदाचे तसे नव्हते. तिला दहावीनंतर देवळाली प्रवऱ्याला दिली. मेहुणे टेम्पोवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी सासू गंगूबाई, एक मुलगी आणि दीड एकर ऊस. मुलगी शाळेत जाऊ लागली तशी नंदाने बाहेरून बारावी केली. आम्हाला कळली ती निकालानंतर. आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन ती म्हणाली की, कोल्हारला नर्सिंग सहायकाचा एक वर्षाचा कोर्स आहे, मी नाव घातलंय. विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ती सांगायला आली होती.

ती संस्था मी नंतर पाहिली. नाव देण्याचे प्रयोजन नाही. मनमाड रस्त्याला लागून खतांचे दुकान, त्यावर दोन खोल्या. जिन्यात युरियाचा आणि वर फिनेलचा वास. एका खोलीत बाके, दुसरीत दोन लोखंडी खाटा, अंघोळ घालण्याच्या सरावासाठी प्लॅस्टिकचे बाळ आणि एक मानवी सांगाडा. त्याचा डावा हात निखळलेला, तो बँडेजने बांधून ठेवलेला. इंजेक्शनचा सराव मोसंबीवर चाले. वर्गात एकवीस मुली, बहुतेक नुकत्या बारावी झालेल्या, त्या नंदाला 'काकू' म्हणत. शिकवायला निकम सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, चूक झाली की मुलीच्या हातातून ट्रे काढून घेणाऱ्या. आणि या सर्वांवर संचालक, ज्यांना सगळे 'सर' म्हणत.

नंदा सकाळी स्वयंपाक उरकून साखर फॅक्टरीच्या थांब्यावरून बस धरी आणि दुपारी चारला परत येई. बसमध्ये वही मांडीवर घेऊन हाडांची नावे पाठ करी. एकदा तिने मला विचारले, अण्णा, माणसाच्या अंगात किती हाडं असत्यात? मी म्हणालो, असतील शेदोनशे. ती म्हणाली, "असतील न्हाई. दोनशे सहा हायेत. अर्जात 'असतील' चालतं, आमच्यात न्हाई." तेव्हा मी हसलो होतो.

कोर्स संपायला दोन महिने उरले असताना गंगूबाई अंगणात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पुढे दीड महिना अंथरूण. मेहुणे गाडीवर. नंदा घरी राहिली. तिने सासूला वेळापत्रक लावून कुशीवर केले, पाठीला पावडर, टाचांखाली उशी... निकम सिस्टरांनी शिकवलेले एकूण एक तिने त्या एका देहावर केले. गंगूबाईंच्या अंगाला एकही जखम झाली नाही. गावचे डॉक्टर येऊन बघत आणि आश्चर्य करत. परंतु हजेरीपटावर तिच्या नावासमोर सलग गैरहजेरी पडली, आणि नियमाप्रमाणे तिला परीक्षेला बसता येणार नव्हते. परीक्षा आठ दिवसांवर. वर्ष गेले तर पुढचे वर्ष नव्हते. मेहुण्यांनी एका वर्षाचीच संमती दिली होती आणि तीही कुरकुरत.

ती माझ्याकडे आली. टेबलाच्या कडेला उभी राहूनच बोलली. "अण्णा, एक अर्ज लिही. दोन ओळीत लिही. सासूचा खुबा मोडला, मी तिची सेवा केली, अंगाला एक जखम हू दिली न्हाई. सुट्टीच्या दिवशी येऊन भरून काढीन. बास."

मला ते पुरेसे वाटले नाही. दोन ओळींचा अर्ज माझ्या हातून कधी गेलेला नव्हता. मी तिला सायंकाळी यायला सांगितले आणि तीन पानी अर्ज सिद्ध केला. त्यात न्यायाची तत्त्वे होती, स्त्रीशिक्षणाचे महत्त्व होते, आणि शेवटी तो परिच्छेद होता जो मी प्रत्येक अर्जात घालतो, कारण साहेबाच्या मनात दया तेथेच उत्पन्न होते: 'अर्जदार ही गरीब, निराधार व अडाणी असून तिला लिहिता-वाचता येत नाही, सबब नियमांचे ज्ञान नसल्याने तिच्या हातून कसूर झाली.' हात सवयीने चालला. मी ते लिहितो आहे हे मला जाणवलेसुद्धा नाही. खाली, वाचून दाखवले, बरोबर आहे. ती सायंकाळी घाईत आली, बस सुटणार होती, मी बोटाने जागा दाखवली आणि तिने सही केली. चांगली, वळणदार सही. निरक्षर अर्जदाराची सही.

आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. वजन यावे म्हणून अर्जाच्या तळाशी 'प्रत माहितीस्तव' असे लिहून एक प्रत नगरला वरच्या कार्यालयात त्याच दिवशी टपालाने रवाना केली. हीही माझी पद्धत. तिला मी ते सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिचा फोन आला. आवाज सपाट होता. "अण्णा, कोल्हारला ये. आत्ता." मी टेबल तसेच सोडून निघालो. जिना चढून वर गेलो. मुली भिंतीला लागून उभ्या होत्या, नंदा खाटेजवळ, आणि सरांच्या हाती माझा अर्ज. त्यांनी मला बसायलाही सांगितले नाही. ते म्हणाले, तुम्हीच लिहिलाय ना हा? मग तुमच्या बहिणीला लिहिता-वाचता येत नाही हे खरं, की तिनं बारावीचं सर्टिफिकेट दिलंय ते खरं? दोन्हीतलं एक खोटं आहे. औषधाची बाटली जिला वाचता येत नाही तिला मी परीक्षेला बसवलं आणि उद्या काही झालं, तर संस्था बंद होईल. बाकीच्या वीस मुलींचं काय करू?

मी उत्तर जुळवू लागलो. अर्जाची भाषा आणि वस्तुस्थिती यांत तांत्रिक अंतर असते, असे काहीसे. सरांनी हात वर केला. मुली माझ्याकडे पाहत होत्या. तोवरच्या पंधरा वर्षांत माझ्या लेखणीबद्दल मला कोणी असे उभे केले नव्हते. मी म्हणालो की मी याबाबत वर दाद मागेन. तसे म्हणताच नंदाने माझ्याकडे पाहिले.

ती पुढे आली. सरांना म्हणाली, "तो कागद माझ्याकडं द्या." त्यांनी दिला. आणि तिने तो वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, एकही अक्षर न गाळता. माझी तत्त्वे, माझे समास, माझे 'सबब' आणि 'उपरोक्त'... तीन पाने. खाली रस्त्यावरून ट्रक जात होते, ते गेले की ती थांबे आणि पुन्हा त्याच शब्दापासून उचले. शेवटच्या परिच्छेदापाशी तिचा आवाज जराही बदलला नाही. 'गरीब, निराधार व अडाणी असून तिला लिहिता-वाचता येत नाही.' तेही तिने वाचले. मग कागद घडी करून सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझं चुकलं. सही केली ती न वाचता केली. आता वाचला. यातलं शेवटचं खोटं हाय, आन् खरं ते यात लिहिलंच न्हाई." आणि मग तिने त्या दोन ओळी तोंडी सांगितल्या. सासू, खुबा, सेवा, जखम नाही.

सरांनी माझी तीन पाने पुन्हा चाळली. त्यांत सासूबाई कुठेच नव्हत्या.

निकम सिस्टर पुढे आल्या. त्यांनी कपाटातून रक्तदाबाचे यंत्र काढले, मला खाटेवर बसवले आणि नंदाला म्हणाल्या, "घे. चुकलीस तर मीच नको म्हणेन." नंदाने माझी डावी बाही वर केली, पट्टा बांधला, नळ्या कानांत घातल्या. फुगा दाबू लागली तसा माझा दंड आवळत गेला. पारा चढताना मला दिसत होता. मला वाटले, आकडा जास्त आला तर हे म्हणतील, हिला नीट बघता येत नाही. भावाचा दाब एवढा कसा असेल? मी ओठ न हलवता पुटपुटलो, "एकशे तीस सांग." तिच्या कानांत नळ्या होत्या, चेहरा हलला नाही. पारा उतरला. तिने नळ्या काढल्या आणि सिस्टरांकडे पाहून म्हणाली, "वरचा एकशे ऐंशी. खालचा एकशे दहा."

सर हसले. "अहो काकू, एवढा दाब असलेला माणूस जिना चढून भांडायला येतो का?"

सिस्टरांनी स्वतः यंत्र लावले. मग त्यांनी पट्टा सोडला आणि सरांना सांगितले, "एकशे ऐंशी, एकशे दहा. बरोबर आहे." आणि माझ्याकडे वळून, गोळ्या कधीपासून घेताय? मी कधीच घेत नव्हतो. मला दाब आहे हेच मला ठाऊक नव्हते.

पट्टा गुंडाळताना नंदा माझ्या कानाशी वाकली. "ऐकलं मी, एकशे तीस. एक खोटं लिहून बसलास, आता दुसरं माझ्या तोंडानं नको वदवू."

गैरहजेरीचे दिवस सुट्टीत भरून काढण्याच्या अटीवर तिला परीक्षेला बसू दिले. ती पास झाली. माझ्यापुरते मात्र प्रकरण संपले नव्हते. मी कोल्हारहून परतताच पोस्टात गेलो. प्रत कालच्या थैलीतून निघून गेलेली होती. अर्ज केला की उत्तर यावे म्हणून लोक माझ्यासमोर डोळे लावून बसतात आणि मी त्यांना धीर देतो. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा कुठल्याही अर्जाला उत्तर येऊ नये म्हणून देवाला विनवले. टपालवाला कचेरीत शिरला की माझा हात थांबे. कोणी काही विचारले नाही. पावसाळा गेला आणि मी समजलो की कागद कुठल्यातरी दप्तरात दाखल झाला, जसे बहुतेक होतात.

निकाल उन्हाळ्यात लागला होता, प्रमाणपत्र मात्र दिवाळी झाल्यावर हाती आले. मधले पाच महिने नंदा पुन्हा उसात खुरपत होती. मी तिला बोललो. ते शब्द मला आठवतात. म्हणालो, तू पाठपुरावा करत नाहीस, सरकारी काम घरी बसून होत नसते. ती म्हणाली, "व्हय, माझंच चुकतंय." आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढे राहुरीतल्या एका छोट्या रुग्णालयात ती लागली. सहा वर्षे काम केले. दर मंगळवारी दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, ती माझ्या टेबलाशी यंत्र घेऊन येई. पक्षकार बसलेले असले तरी तिला फरक पडत नसे. "उठा जरा मामा, सायबाची बाही वर करायचीय." लोक हसत. तिने एक दोनशे पानी वही केली होती. त्यात तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा. मग वही माझ्यासमोर फिरवी आणि म्हणे, वाच. मी मनात वाचू लागलो की म्हणे, "मोठ्यानं." मी मोठ्याने वाचे. मग समोरच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहायचे, 'वाचून पाहिले, बरोबर आहे', आणि सही. सहा वर्षे, दर मंगळवारी. ही तिची शिक्षा होती की थट्टा, हे मी तिला विचारले नाही. त्या तिसऱ्या पानावरील चूक माझी होती, हेही मी तिला एकदासुद्धा म्हणालो नाही. वर्गात 'माझं चुकलं' असे ती म्हणाली होती, आणि मी ते तसेच राहू दिले होते. पण अर्ज वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, हे मी ती वही सुरू झाल्यानंतरच धरले.

शेवटच्या मंगळवारी तिला कणकण होती. आकडा लिहून झाल्यावर म्हणाली, अंग मोडून येतंय, डेंग्यूचे पेशंट लई हायेत सध्या. मी गोळी घे म्हणालो. ती म्हणाली, तू घेतलीस का आजची? घेतली होती. शुक्रवारी तिला नगरला हलवले. सोमवारी निकम सिस्टरांचा फोन आला.

तेराव्याच्या दिवशी देवळालीला जेवणे झाल्यावर निकम सिस्टरांनी मला बाजूला बोलावले. पर्समधून दोन झेरॉक्स काढल्या. म्हणाल्या, ती असेपर्यंत कोणाला दाखवू नका असं तिनं सांगितलं होतं. आता तुम्ही बघा.

पहिला कागद नगरच्या कार्यालयाचा होता, संस्थेच्या नावे. माझ्या अर्जाचा संदर्भ देऊन विचारले होते की, निरक्षर उमेदवारास प्रवेश कसा दिला, आणि अर्जात खोटे विधान असल्यास अर्जलेखकाच्या परवान्याबाबत अहवाल पाठवावा. दुसरा कागद नंदाच्या अक्षरातला. दोनच ओळी. 'सदर मजकूर मी स्वतः सांगून लिहून घेतला व वाचून सही केली. लिहिणाऱ्याचा दोष नाही.' सिस्टर म्हणाल्या, सरांनी तिला समजावलं होतं, भावाचं नाव घे, तू सुटशील. तिनं ऐकलं नाही. चौकशीला एकटी बसनं नगरला गेली, दोनदा. त्यांनी लेखी ताकीद दिली आणि प्रमाणपत्र पाच महिने अडकवलं. "मी विचारलं तिला, खोटं का लिहितेस गं? तर म्हणाली, सिस्टर, त्याचं टेबल गेलं तर त्याला दुसरं काही येत नाही."

अंगणात भांडी घासण्याचा आवाज येत होता. गंगूबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या की मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज करायचाय, तो तुमीच लिवा, भाऊ. मी तेथेच ओट्यावर कागद घेतला. दोन ओळींत लिहिला. दयेचा परिच्छेद घातला नाही. आणि त्यांना वाचून दाखवला: नाव, गाव, व्यवसाय, परिचारिका सहायक. त्या म्हणाल्या, "नर्स म्हनायचं त्ये लिवलं का? पुन्यांदा वाचा बरं तेवढं." मी वाचले. त्यांनी अंगठा उठवला.

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेल्या मंगळवारी एक वाजता मी सवयीने डावी बाही वर केली आणि मग वही काढली. शेवटच्या नोंदीखालची ओळ रिकामी होती. आकड्यांच्या जागी मी लिहिले: 'तिसऱ्या पानावरील मजकूर अर्जदाराने सांगितलेला नव्हता. तो मी लिहिला, तिला वाचून दाखवला नाही, आणि प्रत मीच पाठवली.' समोर दोन माणसे बसलेली होती. मी ते त्यांच्यादेखत मोठ्याने वाचले. मग समोरच्या रकान्यात, वाचून पाहिले, बरोबर आहे. आणि सही.